मागून दिवे मारणारा, पुढे जाऊन ब्रेक मारणारा आणि मधले आपण

सह्यकडा
गेल्या शनिवारी पुण्याहून ठाण्याला जाताना एक्सप्रेसवेवर जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

गाडीत मी, बायको, मागे अण्णा (माझे वडील, वय ७६, बायपास झालेली आहे) आणि नववीतली मुलगी. उर्से टोल मागे पडला, कामशेतच्या बोगद्याच्या अलीकडे मधल्या लेनमध्ये एक कंटेनर चालला होता, त्याला ओव्हरटेक करायला मी उजव्या लेनमध्ये आलो. माझा स्पीड ९५ च्या आसपास. तेवढ्यात मागून एक पांढरी एसयूव्ही आली, इतकी चिकटून की आरशात तिचं नाकच दिसत होतं, नंबरप्लेट नाही. आधी अप्पर-डिप्पर, मग हॉर्न धरूनच ठेवला. डावीकडे चाळीस फुटी कंटेनर, मी जाणार कुठे? इथपर्यंत चूक त्याची, यात मला आजही शंका नाही.

पण कंटेनर मागे गेला आणि मी डावीकडे गेलो नाही. ऍक्सिलरेटरवरचा पाय काढला, मुद्दाम, आणि गाडी ८० वर आणली. डोक्यात एकच, आता थांब तू मागे. पाच-सात सेकंद असतील. मग तो डावीकडून सुसाट निघाला, माझ्या पुढे तिरका घुसला आणि कचकन ब्रेक मारला. मी पण ब्रेकवर उभा राहिलो. गाडी थरथरत वाचली, मागे अण्णांच्या हातातली पाण्याची बाटली पुढच्या सीटवर आदळली. त्यानं गाडी कडेच्या पट्ट्यात तिरकी लावली, दार उघडून चालत यायला लागला आणि मी पण थांबलो, बेल्ट काढला, दार उघडलं. बायकोनं शर्ट मागून धरला तो मी हिसडा देऊन सोडवला (बटण तुटलं ते घरी आल्यावर कळलं). बाजूने ट्रक जातायत, वाऱ्याचा झोत असा की दार हातात राहीना.

तेव्हा अण्णा म्हणाले, "खाली उतरू नकोस. मला गोळी दे."

एवढंच. तो माणूस तोवर बॉनेटपाशी आला होता, त्याला मागच्या सीटवर छातीला हात लावून बसलेले अण्णा दिसले असणार, कारण तो तिथेच थांबला, काहीच न बोलता उभा राहिला आणि परत फिरला. अण्णा ठीक आहेत, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन आलो, ईसीजी नॉर्मल.

मला खरं लागलं ते पुढे. घाट उतरून झाल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, कंटेनर तर कधीच मागे गेला होता. तू स्पीड कमी का केलास?" मला उत्तर देता आलं नाही. ती सगळं बघत होती, मी काय केलं ते पण.

घरी येऊन एक साधा हिशोब केला. एक्सप्रेसवे ९४.५ किलोमीटर. सगळा रस्ता १०० नं गेलो (जे घाटात शक्यच नाही) तर ५७ मिनिटं, सगळा ८० नं गेलो तर ७१ मिनिटं. १४ मिनिटांचा फरक, तोही कागदावर. आणि आमचं भांडण तर पाच-सात सेकंदांवरून झालं.

तुमचे अनुभव लिहा. पण "लोकांना अक्कल नाही" एवढंच नको, तुम्ही स्वतः गाडी चालवताना नक्की काय करता ते पण लिहा.

पिठलंभाकरी
अण्णा बरे आहेत हे वाचून हायसं वाटलं. पहिली गोष्ट, एक्सप्रेसवेवर कडेला थांबणं हेच सगळ्यात धोक्याचं. तुम्ही दोघं भांडत उभे असताना मागून डुलकी लागलेला एखादा ट्रकवाला आला असता तर चूक कुणाची हा प्रश्नच उरला नसता.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. उजवी लेन ही ओव्हरटेकची आहे. तिथे ८० नं रमतगमत जाणारे आणि "मी लिमिटमध्ये आहे, मी का हलू" म्हणणारे इतके आहेत की मागच्याचं डोकं फिरतं. तुम्ही पाच सेकंद केलंत, लोक खंडाळ्यापर्यंत करतात.

सह्यकडा
@पिठलंभाकरी दोन्ही मान्य. थांबायला नकोच होतं. लेनचं म्हणाल तर मी पण आधी "लिमिटमध्ये आहे ना" याच गटातला होतो. पण मागच्याचा स्पीड तपासणं हे पोलिसांचं आणि कॅमेऱ्यांचं काम आहे, जुलै २०२४ पासून तर तिथे जागोजागी कॅमेरे लागलेत. माझं काम ओव्हरटेक झालं की डावीकडे जाणं, तो मागे ११० नं असो नाहीतर १४० नं.

लालपरी
माझे वडील एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते, चिपळूण डेपो. कुंभार्ली घाट त्यांचा रोजचा, लहानपणी सुट्टीत कित्येकदा त्यांच्या मागच्या सीटवर बसून कराडला गेलेय, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तेव्हा घाट अरुंद. समोरून चढाची गाडी आली की उतरणारा थांबणार, हे ठरलेलं. आता कळतं की तो नुसता रिवाज नाही, नियमच आहे, अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कारण भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की परत उचलताना मागे घरंगळते. दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) आधीच रुंद जागा बघून बाजूला घेऊन उभे राहायचे. समोरचा ट्रकवाला जाताना हात वर करायचा, दादा पण करायचे. ओळख ना पाळख. मी विचारायचे, "कोण होते?" तर म्हणायचे, "गाडीवालाच."

रिटायर झाल्यावर माझ्या गाडीत पुढे बसतात आणि मला कुणी कट मारला की मी काही बोलायच्या आतच, "जाऊ दे त्याला, तुझ्या नावानं नाही आला तो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते नसले तरी कानात येतं. कट मारणाऱ्याला माझं नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही. त्यानं मला हिणवलं असं मीच ठरवते.

रोखठोक
सगळं छान छान आहे हो, पण मी सोडत नाही. तीस वर्षं गाडी चालवतोय. सोडलं की माजतात. आज तुमच्यावर ब्रेक मारला, उद्या दुसऱ्यावर मारेल. कुणीतरी धडा शिकवायला नको? सौजन्य सप्ताह करून या देशातला ट्रॅफिक सुधारणार नाही, जबर दंड लावा, लायसन्स काढून घ्या, आठ दिवसात सगळे सरळ होतील.

कोर्टकचेरी
@रोखठोक दंड आहे, तुमच्या कल्पनेपेक्षा जास्त आहे, अडचण पुरावा आणि अंमलबजावणीची आहे. आणि धडा शिकवायला गेलेला माणूस आरोपी होऊन माझ्यासमोर बसलेला मी बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धोकादायक गाडी चालवणं म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८४. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १००० ते ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. उलट्या दिशेने गाडी घालणं, चालवताना हातात फोन धरणं, चुकीचं ओव्हरटेकिंग हे सगळं त्यातच येतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात बेदरकार गाडी चालवण्याला कलम २८१ आहे. गाडी आडवी घालून कुणाला अडवलं तर कलम १२६, धमकी दिली तर ३५१, हात उचलला तर ११५. म्हणजे सह्यकडा यांच्या गोष्टीत त्या माणसानं अडवलं तिथेच गुन्हा झाला, आणि सह्यकडा खाली उतरून त्याला एक ठेवून देते तर यांचाही झाला असता. "त्याने आधी केलं" हे ऐकून घेतात, पण त्याने सुटका होत नाही.

नवज्योतसिंग सिद्धू यांची केस सगळ्यांना माहीत असेल. २७ डिसेंबर १९८८, पटियाला, गाडीवरून झालेला वाद, ६५ वर्षांच्या गुरनामसिंग यांना मारहाण आणि त्यांचा मृत्यू. केस इतकी वर्षं चालली की सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये १००० रुपये दंडावर सोडलं आणि मग फेरविचारात १९ मे २०२२ ला १ वर्षाची शिक्षा दिली. तेहतीस वर्षं! मरणाऱ्याच्या घरच्यांची पण तीच तेहतीस वर्षं. मी अशिलांना हे सांगते तेव्हा समोरचा माणूस मान खाली घालतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

गाडीवान
मी कागलचा. घरचा ट्रान्सपोर्टचा धंदा, दोन दहा टायरी आणि एक बारा टायरी. मी स्वतः सहा वर्षं लाईनवर गाडी चालवलीय, आता ऑफिस बघतो. कारवाल्यांना ट्रकचा राग येतो त्यातल्या निम्म्या गोष्टी माहीत नसल्यामुळं येतो असं माझं मत आहे म्हणून लिहितो.

एक, घाटात आमची गाडी मधल्या लेनमध्ये का येते. डाव्या लेनला पुढं एखादी ओव्हरलोड गाडी १५ नं चढत असती. तिच्या मागं राहिलो तर आमची गाडी पण पहिल्या गिअरमध्ये येणार, आणि पंचवीस टनाची गाडी एकदा पहिल्यात आली की वर जाईपर्यंत पहिल्यातच. डिझेल जातं, इंजिन तापतं, क्लच जातो. म्हणून ड्रायव्हर जोर असेतोवर बाहेर काढतो. बरोबर आहे असं मी म्हणत नाही, आमच्यातले काही जण तिसऱ्या लेनला पण जातात, ते शंभर टक्के चूक, मी माझ्या पोरांना त्यासाठी झापतो. पण तुम्ही मागून हॉर्न वाजवून त्याचा स्पीड वाढत नसतो, तेवढं समजून घ्या.

दोन, पुढं मोकळी जागा दिसली की कार घालणं. आमचा ड्रायव्हर पुढच्या गाडीपासून जागा सोडून चालतो ती त्याला आवडती म्हणून नव्हे, भरलेली गाडी थांबायला ती लागती. तुम्ही त्या जागेत घुसलात की त्याची ब्रेकची जागा गेली. मग तो परत मागं सरतो, परत दुसरा घुसतो. सकाळी पाचला निघालेला माणूस दुपारपर्यंत शंभर वेळा हे सोसतो, एकशे एकाव्याला शिवी देतो.

तीन, आमच्या केबिनमधनं डाव्या बाजूला चिकटून चाललेली कार दिसतच नाही. क्लीनर असला तर तो सांगतो, आता क्लीनर मिळत नाहीत, एकटाच ड्रायव्हर असतो. आणि लोक डावीकडनंच घुसतात. तुम्हाला आमचा आरसा दिसत नसंल तर तुम्ही पण आम्हाला दिसत नाही, इतकं लक्षात ठेवा.

चार, उजवा इंडिकेटर. जुने ड्रायव्हर उजवा इंडिकेटर देऊन "या, पुढं जावा" म्हणायचे, काही जण तोच "थांबा, समोरनं गाडी हाय" म्हणून द्यायचे आणि कुणी खरंच उजवीकडं वळणार असायचा. तीन अर्थ एका दिव्याला. आमच्या गाड्यांवर मी बंद करून टाकलंय, वळायचं असेल तरच इंडिकेटर. "हॉर्न ओके प्लीज" पण पुसलं, महाराष्ट्रात २०१५ लाच त्याला बंदी आली होती तरी लोक अजून रंगवून घेतात. "वाजवा" असं आपणच पाठीवर लिहून ठेवायचं आणि वाजवलं की चिडायचं, ह्याला काय अर्थ आहे सांगा.

चाफा
@गाडीवान, डाव्या बाजूचं मला खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद.

मी नाशिक-मुंबई महिन्यातून दोनदा एकटी चालवते. एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. बाईनं ओव्हरटेक केलं की काही पुरुषांना ते चालत नाही. बाजूने जाताना आत डोकावून बघतात, बाई आहे हे कळलं की स्पीड वाढवतात. मी डावीकडे घेऊन सोडते, तर पुढे जाऊन हळू होतात, मी परत पुढे गेले की परत तेच. गेल्या पावसाळ्यात कसारा घाट उतरल्यावर एक गाडी माझ्या मागे-पुढे असं जवळपास वीस मिनिटं करत होती, आत तिघं होते, हसत होते. रोखठोक म्हणतात तसा धडा शिकवायला मी एकटीनं उतरायचं का?

मी काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. काचा वर, दारं लॉक. त्यांच्याकडे बघायचं नाही, कारण नजर दिली की तो खेळ होतो. थांबायचं नाही, निर्जन ठिकाणी तर अजिबात नाही. फोन आधीच ब्लूटूथला होता, ११२ लावला, गाडीचा नंबर आणि कोणत्या गावाजवळ आहे ते सांगितलं, मोठ्यानं. मग टोलनाक्यावर बूथच्या अगदी शेजारी गाडी उभी केली, तिथे माणसं असतात, उजेड असतो, कॅमेरे असतात. ते निघून गेले. पोलिसांचा नंतर फोन आला, व्यवस्थित बोलले. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा पण नंबर आहे, गाडी बंद पडली, अपघात झाला तर लागतो.

हात थरथरत होते. चहा घेतला, पंधरा मिनिटं बसले आणि मग निघाले. थरथरत्या हातांनी गाडी चालवायची नाही हा माझा नियम आहे.

लालपरी
चाफा, वाचून वाईट वाटलं आणि तुझं कौतुकही वाटलं. टोलनाक्याचं लक्षात ठेवते.

वऱ्हाडी_मन
मी वर्ध्याचा, समृद्धीवर महिन्यातून चार-पाच चकरा होतात. आमच्याकडे भांडण कमी, कारण भांडायला गाडीच भेटत नाही कितीतरी वेळ. ७०१ किलोमीटरचा रस्ता, कारला १२० ची परवानगी, सरळसोट. तिथला प्रॉब्लेम वेगळा आहे, डोळे उघडे राहतात आणि माणूस झोपलेला असतो. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले, त्यानंतर आमच्या घरून फोन आल्याशिवाय राहत नाही, "कुठं पोहोचला, थांबला का".

पण रागाशी संबंध आहे तो असा. दोन तास १२० नं चालवून तुम्ही इंटरचेंजवरून खाली उतरता ना, साध्या रस्त्यावर, तेव्हा ६० म्हणजे बैलगाडी वाटते. समोरचा सगळाच हळू वाटतो. त्याची काही चूक नसते, आपले डोळे अजून वरच असतात. मी हॉर्न सगळ्यात जास्त त्या पहिल्या दहा मिनिटांत वाजवतो हे मला मित्रानं दाखवून दिलं. तेव्हापासून खाली उतरलो की थांबतो, तोंड धुतो, पाणी पितो. आणि स्पीडोमीटरकडे बघून चालवतो, अंदाजानं नाही.

आंबाफणस
गणपतीला मुंबईहून कणकवलीला दरवर्षी जातो, त्यामुळे रागाचा सगळा अभ्यास आमचा झालेला आहे. २०११ पासून तो रस्ता रुंद होतोय, शाळेत होतो तेव्हा सुरू झालं, आता माझी पोरगी शाळेत जाते. वडखळ, कोलाड, माणगाव, रात्री तीन वाजता गाड्यांची रांग, पोरं रडतायत, म्हाताऱ्यांना लघवीला जायचंय.

तिथे काय होतं बघा. रांग सुरळीत हळूहळू सरकत असते. कुणीतरी एकजण वैतागून समोरच्या मोकळ्या बाजूला घालतो. त्याच्या मागे दहा. समोरून एसटी येते, मग ना ती पुढे ना हे मागे, आणि अर्ध्या तासाचं काम चार तासांवर जातं. मी हे डोळ्यानं पाहिलंय, एका वर्षी माणगावात आमच्याच पुढच्या गाडीनं केलं. आणि सगळ्यात मागे एक रुग्णवाहिका सायरन वाजवत उभी. तिला वाट न देण्याचा दंड १०,००० रुपये आहे म्हणे, पण त्या गर्दीत वाट द्यायला जागाच शिल्लक ठेवलेली नव्हती कुणी.

चांगलं पण सांगतो. तिथल्याच वाडीतली चार-पाच पोरं टॉर्च घेऊन रस्त्यात उतरली आणि दोन तास त्यांनी गाड्या सोडल्या. एकाला मी पाण्याची बाटली दिली तर म्हणाला, "काका, नको, तुम्ही फक्त रांग सोडू नका." कोण कुठला पोरगा.

म्युनिकवासी
@आंबाफणस रुग्णवाहिकेवरून लिहितो. मी मूळचा सांगलीचा, नऊ वर्षं जर्मनीत आहे. इथे हायवेवर ट्रॅफिक तुंबायला लागला की, सायरन ऐकू यायच्या आधीच, सगळ्यात डावीकडच्या लेनवाले डाव्या कडेला सरकतात आणि बाकीचे सगळे उजवीकडे, मधे सरळ वाट तयार होते. "रेटुंग्सगासे" म्हणतात, म्हणजे जीव वाचवायची गल्ली. न केल्यास किमान २०० युरो दंड. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता, शेकडो गाड्या, कुणी सांगत नाही, आणि वाट उघडत जाते.

पण इथले लोक काही संत नाहीत. मागे चिकटून दिवे मारणारे इथेही आहेत, खूप आहेत. फरक इतकाच की चिकटणं हा गुन्हा धरतात, अंतर कॅमेऱ्यानं मोजतात, लायसन्स जातं काही काळ. अश्लील खूण केली तरी तक्रार होऊ शकते. अंतराचा ठोकताळा सोपा आहे, स्पीडोमीटरवर जो आकडा त्याच्या निम्मे मीटर. १०० ला ५० मीटर. त्यामुळे रोखठोक यांचं दंडाबद्दलचं म्हणणं मला पटतं. फक्त दंड यंत्रणेनं करायचा, आपण नाही.

नाडीपरीक्षा
डॉक्टर आहे, हायवेजवळच्या एका गावात प्रॅक्टिस. दोन मुद्दे.

राग येतो तेव्हा शरीरात ऍड्रेनलिन वाढतं, हृदयाचे ठोके वाढतात, हाताची पकड घट्ट होते, लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं. मारामारीला हे उपयोगी, गाडी चालवायला घातक, कारण बाजूची बाईक, पुढचा खड्डा, काही दिसत नाही. १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. तुम्ही शेजारच्या गाडीकडे वळून शिवी द्यायला दोन सेकंद घेतले तर ५६ मीटर आंधळे गेलात. शिवाय हे लगेच उतरत नाही, म्हणून चाफा यांनी पंधरा मिनिटं थांबून केलं ते अगदी योग्य केलं.

दुसरं, माझ्याकडे हायवेवरून भांडून आलेले पेशंट येतात (टाके घालायला), त्यांना मी विचारतो, शेवटचं काय खाल्लं होतं? कितीदा तरी उत्तर येतं, सकाळचा चहा. उपाशी, रात्री चार तास झोपलेला, दोन तास लघवी रोखून धरलेला माणूस चिडणारच. "पोहोचल्यावर जेवू" हे आधी बंद करा. अण्णांसारखे हृदयाचे पेशंट बरोबर असतील तर दर दीड-दोन तासांनी थांबा आणि गोळ्या डिकीतल्या बॅगेत ठेवू नका, हाताशी ठेवा.

पिठलंभाकरी
मला एक वाटतं. आपल्याकडे रस्त्यावर "सॉरी" म्हणायला खूणच नाही. चुकून कट बसतो, माझ्याकडूनही बसतो, आरशात दिसलेलाच नसतो समोरचा. पायी चालताना धक्का लागला तर आपण "सॉरी हं" म्हणतो आणि मिटतं. गाडीत ते म्हणताच येत नाही, आणि समोरच्याला वाटतं मुद्दाम केलं.

लालपरी
@पिठलंभाकरी हात आहे ना! तळहात वर करायचा, आरशाच्या उंचीवर, मागच्याला दिसेल असा. दादा करायचे तसाच. मी करते, दहातले सात जण शांत होतात, स्वतः अनुभवलंय.

रोखठोक
सगळं वाचलं. चाफाताईंचं वाचून जरा विचार केला, माझी पण मुलगी पुणे-नाशिक एकटी चालवते. ती कधी हे सांगत नाही घरी, आज विचारलं तर म्हणाली, "बाबा, नेहमीचंच आहे."

कडक दंडाचं माझं मत कायम आहे. बाकी, मागे चिकटून दिवे मारायची सवय मला आहे, ती सोडतो. समोर ओव्हरटेक चालू असेल तर एकदाच दिवा मारून मागे अंतर ठेवून थांबेन. लेखी देतोय इथे.

कोर्टकचेरी
@रोखठोक, मनापासून आभार. डॅशकॅम बसवून घ्या असं सगळ्यांना सांगेन, पुढचा आणि मागचा पण. तक्रार करायची तर तारीख, वेळ, गाडी नंबर आणि व्हिडिओ असला की काम सोपं होतं. आणि कॅमेरा चालू आहे हे माहीत असलं की आपणही नीट वागतो, हा माझा स्वतःचा अनुभव.

सह्यकडा
सगळ्यांचे आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. गाडीवान, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला.

काल ठाण्याहून परत आलो. निघायच्या आधी नाश्ता केला सगळ्यांनी, अण्णांच्या गोळ्या दाराच्या खणात. मुलगी पुढे बसली होती, तिनं स्वतःहून एक काम घेतलं, ओव्हरटेक झालं की ती म्हणायची, "बाबा, लेन." पहिल्या दोन वेळेला मला जरा राग आला हे खरं सांगतो, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला नववीतली पोरगी लेन शिकवते. तिसऱ्या वेळेला ती म्हणायच्या आधीच मी इंडिकेटर दिला.

पनवेल सोडल्यावर एकानं मागून दिवे मारले, तसेच, चिकटून. माझ्या डावीकडे टेम्पो होता. तळहात वर केला, थांब जरा अशा अर्थानं, टेम्पो मागे पडल्यावर डावीकडे घेतलं. तो गेला. त्यानं हात वगैरे काही केला नाही. मला वाटलं होतं मनात काहीतरी खदखदेल, तसं नाही झालं, नुसता गेला.

अण्णा त्या दिवसापासून गाडीत डोळे उघडे ठेवून बसायचे, समोरच्या सीटला धरून. मी बघत होतो पण विषय काढत नव्हतो. काल खालापूरचा टोल यायच्या आधीच झोपले, तोंड उघडं टाकून, ते थेट घाट चढून लोणावळा मागे पडल्यावर उठले आणि म्हणाले, "चहा कुठे घेणार?"

गाडीवान
अण्णांना नमस्कार सांगा. आमच्या गाड्या त्याच रस्त्यानं जेएनपीटीला असतात. घाटात आमची गाडी दिसली तर डावीकडनं नका घुसू, उजवीकडनं या, दोन मिनिटं उशीर होईल पण ड्रायव्हरला आरशात दिसाल. हात करा, आमची पोरं पण करतील, सांगून ठेवलंय.